धनेशाची ढोली आणि टिटवीची फी

बसा मुलांनो, बसा. मागच्यांना ऐकू येतंय ना? छान.

तर ही गोष्ट आहे अशा एका जंगलातली, जिथे झाडं कमी होत चालली होती आणि झाडांवरच्या पाट्या वाढत चालल्या होत्या. 'ढोली विकणे आहे.' 'हवेशीर फांदी, पाण्याजवळ.' 'वारूळ, त्वरित ताबा.' त्या जंगलात वाघ-सिंहही होते. पण त्यांच्याकडे गुहा होत्या, वाडवडिलांपासूनच्या. त्यामुळे त्यांना पाट्या वाचाव्या लागत नसत आणि आपल्या गोष्टीत त्यांना काही काम नाही.

आपल्या गोष्टीत आहे मोरेश्वर. मोरेश्वर मोर नव्हता. तो धनेश पक्षी होता. ही एवढी पिवळी चोच, चोचीवर शिंगासारखा मुकुट, आणि उडायला लागला की पंखांचा असा आवाज, की खालचे ससे वादळ आलं म्हणून बिळात शिरत. त्याच्या बायकोचं नाव हंसा. तीही हंस नव्हती. आईबापांना हौस असते, मुलं त्याला काय करणार?

आता धनेशांची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. अंडी घालायची वेळ आली की धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून घेते. फक्त एक फट ठेवते. त्या फटीतून नवरा तिला उंबरं भरवतो. आत बसल्यावर तिची पिसं गळतात, तिला उडता येत नाही. पिल्लू मोठं होईपर्यंत ती आतच. म्हणजे ढोली चुकीची निघाली, तर पळून जायचीही सोय नाही.

तेव्हा मोरेश्वर आणि हंसा ढोली शोधत होते. थंडी सरत आली होती. घाई होती.

बेहड्याच्या एका उंच झाडावर शेकरूशेठची पाटी होती. शेकरू म्हणजे ती मोठी तांबूस खार. ही मंडळी एकाच वेळी चार-चार घरटी बांधून ठेवतात, त्यामुळे धंद्यात आपोआपच शिरतात.

"या मोरेश्वरराव, या वहिनी," शेकरूशेठ शेपटी फुलवून म्हणाला. "पूर्वाभिमुख आहे. आतून कोरडी. वारा बघा कसा खेळतोय! आज टोकन ठेवा. उद्या हाच भाव राहील असं मी सांगत नाही."

ढोली खरंच सुरेख होती. हंसाने आत डोकं घातलं, मान वळवून पाहिलं, आणि तिच्या मनात आलं की इथे माझं पिल्लू वाढेल. मग तिने डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "आधी इथे कोण राहत होतं?"

"वहिनी, तुम्ही पुढचं बघा ना. मागचं बघून काय करायचंय?" शेकरूशेठ हसला.

हंसा हसली नाही. घरी परतताना ती म्हणाली, "अहो, एखादा वकील बघू या."

मोरेश्वरचा चुलतभाऊ बळवंत याने सांगितलं, की जंगलात वकील म्हणावा असा एकच. ॲडव्होकेट दिवाभीत. म्हणजे घुबड. दोघं तिन्हीसांजेला त्याच्या वडाखाली गेले. दिवाभीत वकील डोळे मिटून बसला होता.

"डोळे मिटून सल्ला दिला तर साधा दर," तो डोळे मिटूनच म्हणाला. "एक डोळा उघडायचा असेल तर दुप्पट. दोन्ही उघडले तर त्याच्या दुप्पट."

"आणि ढोलीचा मागचा इतिहास?" हंसाने विचारलं.

"त्यासाठी मान पूर्ण मागे फिरवावी लागते. त्याचे वेगळे."

मोरेश्वरने मनातल्या मनात हिशेब केला. वकिलाची फी द्यायला ढोली विकावी लागणार होती आणि ती विकायला पुन्हा वकील लागणार होता. दोघं नमस्कार करून निघाले. दिवाभीताने नमस्काराचेही लावले असते, पण त्याचे डोळे मिटलेले होते.

ही अडचण शेकरूशेठच्या कानावर गेली. "अहो, आधी बोलायचं नाही का!" तो म्हणाला. "वकील आमच्याकडून फुकट देतो आम्ही. हे बघा."

त्याच्या शेजारच्या फांदीवर एक पोपट पेरू खात बसला होता. हिरवा कोट, गळ्याशी लाल पट्टी.

"सगळं क्लिअर आहे!" पोपट म्हणाला.

"ही ढोली आधी कुणाची होती?" हंसाने विचारलं.

"सगळं क्लिअर आहे!"

"उद्या कुणी हक्क सांगत आलं तर?"

"सगळं क्लिअर आहे!"

"आपलं नाव काय?"

"सगळं क्लिअर आहे!"

"किती ठामपणे बोलतात!" मोरेश्वर भारावून म्हणाला.

घरी आल्यावर नवराबायकोत जुंपली. "तो शेकरूच्या फांदीवर बसतो, शेकरूचा पेरू खातो, आणि आपला वकील?" हंसा म्हणाली.

"अगं, पण फुकट आहे."

"तुम्हाला फुकट आहे. आत मी बसणार आहे."

मग हंसाने नदीकाठच्या टिटवीचं नाव काढलं. टिटवी खरीखुरी वकील होती, परीक्षा पास झालेली. पण तिच्याकडे फारसं कुणी जात नसे. बळवंत तर उडालाच. "टिटवी? शुभकार्यात? अरे, ती ओरडली की काहीतरी वाईट होतं, हे शेंबड्या पिल्लालाही माहीत आहे!"

तरी ते गेले. जमिनीवर उतरताहेत तोच ओरडा सुरू झाला. "थांबा! तिथे नको! तिथेही नको! डावीकडे! हां. उभे राहा."

नदीकाठचे गोटे, वाळू, वर आभाळ. मधे लांब पायांची टिटवी.

"आपलं घर कुठे आहे?" मोरेश्वरने विचारलं.

"तुम्ही दिवाणखान्यात उभे आहात."

मोरेश्वरने बायकोकडे पाहिलं. जिला स्वतःला छप्पर नाही ती आपल्याला काय घर घेऊन देणार, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. टिटवीला तो कळला. वकील होती ती.

"छप्पर आलं की वाटे आले, वारस आले, शेजाऱ्याची फांदी आली," ती म्हणाली. "मी रोज तीच भांडणं बघते. या गोट्यांवर माझा हक्क निर्वेध आहे, कारण हे कुणालाच नकोय. आता माझी फी ऐका. पानभर किडे. अर्धे आता, अर्धे काम झाल्यावर. घर चांगलं निघो, वाईट निघो, फी तेवढीच."

"म्हणजे तुम्ही घेऊ नका म्हणालात तर घरही नाही आणि किडेही गेले?" मोरेश्वरने विचारलं.

"आणि बायको जिवंत," टिटवी म्हणाली.

हंसाने किडे वेचून अर्धं पान पुढे सरकवलं.

त्या जंगलात खरेदीविक्रीची नोंद वानरांच्या कचेरीत होत असे. वानरं ती झाडाच्या पानांवर करत. दर शिशिरात पानगळ व्हायची आणि जंगलातले सगळे व्यवहार स्वच्छ होऊन जायचे. टिटवीने चौकशी केली तेव्हा वानर म्हणालं, "या ढोलीवर कुणाची नोंद नाही. बघा ना, फांदीवर एकही पान नाही." म्हणजे पोपट खोटं बोलत नव्हता बरं का मुलांनो. कचेरीच्या हिशेबाने सगळं क्लिअरच होतं.

म्हणून टिटवी पायी निघाली. बेहड्याभोवती फिरली. बुंध्यावर तिला लांब नखांचे ओरखडे दिसले. वरच्या फांदीवर सुतारपक्षी राहत होता. तिने त्याला विचारलं, "दादा, ही ढोली कुणाची?"

"माझ्या आजोबांनी कोरली," सुतार म्हणाला. "मग खूप वर्षांनी मोठी झाली, तेव्हा आम्ही सोडली. आता घोरपडीची आहे. गेल्या पावसाळ्यात शेकरूनेच तिला विकली. थंडीपुरती ती खाली बिळात झोपायला गेलीय. ऊन तापलं की येईल."

"हे तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी विचारलंच नाही."

घोरपड काय खाते माहीत आहे ना? अंडी. पक्ष्यांची.

टिटवीने मोरेश्वर आणि हंसाला बोलावून सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "घेऊ नका." एवढंच. सल्ला दोन शब्दांचा होता.

मोरेश्वर शेकरूशेठकडे जाब विचारायला गेला. "अहो, ती घोरपड होय!" शेकरूशेठ म्हणाला. "तिचं नुसतं बुकिंग होतं. तोंडी. आणि ती आता झोपलीय. झोपलेल्याचा कसला आलाय ताबा?"

व्यवहार मोडला. हंसाने ढोली लिंपायला नदीवरून आणून ठेवलेला चिखल वाळून त्याची ढेकळं झाली होती. ती त्या ढेकळांकडे बघत बसली. पोटातली अंडी वाट बघत नाहीत. तिला मोठ्याने रडावंसं वाटत होतं, पण धनेश रडला तरी हसल्यासारखाच आवाज येतो, म्हणून ती गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी बळवंत आला. त्याच्या बायकोचीही, गोदाचीही, वेळ भरत आली होती. "तुम्ही सोडलीत ना ती? मग मी घेतो. घोरपड काय, झोपलीय. वकील फुकट मिळतोय." त्याने ढोली घेतली. थाटात वास्तुशांत केली. सगळ्या जंगलाला उंबरांचं जेवण घातलं. पोपटाला मानाचं पान होतं. बळवंतने मोरेश्वरच्या पाठीवर पंख ठेवून सांगितलं, "धाडस लागतं बाबा, धाडस!"

मोरेश्वर घरी येऊन दोन दिवस हंसाशी नीट बोलला नाही.

टिटवीने तोवर दुसरी ढोली शोधली होती. खरं तर ते तिचं काम नव्हतं. किंजळाचं एक वाकडं झाड होतं. ढोली पश्चिमेची, दुपारी तापणारी. तिथे एक म्हातारी उदमांजर राहत होती. ती मुलाकडे राहायला निघाली होती, गावातल्या एका घराच्या माळ्यावर. तिला एकूण तीन मुलगे. टिटवी हटूनच बसली, की तिघांचीही संमती हवी. तिघांपैकी मधला थोरल्यावर रुसून डोंगरापलीकडे गेला होता. टिटवी तिथे उडत गेली, त्याच्या डोक्यावर घिरट्या घालून ओरडली, आणि कंटाळून तो आला. तिघांना एका फांदीवर बसवून, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर, "आमची काही हरकत नाही," असं एकेकाला मोठ्याने म्हणायला लावलं. मधला थोरल्याकडे पाठ करून म्हणाला, पण म्हणाला.

"आता घ्या," टिटवी म्हणाली. हाही सल्ला दोनच शब्दांचा.

हंसा आत जाऊन बसली. दोघांनी मिळून तोंड लिंपलं. फट ठेवली. वास्तुशांत वगैरे करायला वेळच नव्हता. जंगलात कुणाला कळलंही नाही.

मग एक दिवस ऊन तापलं.

नदीकाठच्या बिळातून घोरपड बाहेर आली. तिने जीभ काढून हवा चाखली आणि सावकाश बेहड्याकडे निघाली. टिटवीने ते पाहिलं. ती उडाली आणि बेहड्याभोवती फिरत जीव तोडून ओरडायला लागली, "निघा! निघा! बाहेर निघा!"

"गप्प बस, अपशकुनी!" बळवंत वरून खेकसला. "घरात बाळंतीण आहे!"

पण आत गोदाने ते ऐकलं. तिने नुकतंच लिंपून घेतलं होतं. अंडं अजून घातलं नव्हतं आणि पिसंही अंगावर होती. खाली नखांची खरखर ऐकू आली, तसं तिने चोचीचे घाव घालून चिखल फोडला आणि बाहेर झेप घेतली. जीव वाचला. शेपटी मात्र घोरपडीच्या तोंडात राहिली.

घोरपड आत शिरली, अंग वळवून बसली आणि म्हणाली, "माझ्या ढोलीला चिखल कुणी फासला?"

संध्याकाळी गव्याच्या अध्यक्षतेखाली सभा भरली. टिटवी ओरडली आणि मग घोरपड आली. त्या अर्थी टिटवीमुळे घोरपड आली. जंगलातलं तर्कशास्त्र असं सरळ असतं. ठराव मांडला गेला, की टिटवीने नदीपलीकडे राहायला जावं. मान्य असणाऱ्यांनी पंख किंवा पाय वर करावा.

मोरेश्वर सभेत होता. त्याला बोलायचं होतं. पण चुलतभाऊ समोर बसलेला, वहिनीची शेपटी गेलेली. अशा वेळी आमचं छान चाललंय असं कसं म्हणायचं? त्याने पंख वर केला नाही. खालीही ठेवला नाही. मधेच धरला. गव्याने तो मोजून घेतला.

दुसऱ्या दिवशी उंबर भरवताना त्याने हे हंसाला सांगितलं. फटीतली चोच थांबली.

"तिचे राहिलेले किडे दिलेत का?" आतून आवाज आला.

"कशाचे द्यायचे?" मोरेश्वर म्हणाला. बरेच दिवस मनात होतं ते आता बाहेर पडलं. "एवढी फी घेतली, आणि आपल्याकडे झालं काय? काहीच नाही! घोरपड आली नाही, भाऊबंद आले नाहीत, कुणी साधं भांडायलासुद्धा आलं नाही. बळवंतकडे बघ. दारात रीघ लागलीय. आपल्याकडे कुत्रं फिरकत नाही."

चोच आत गेली. उंबर फटीपाशीच राहिलं.

त्याने हाक मारली. दुपारी त्याने जांभळ आणलं. तेही घेतलं नाही. संध्याकाळी आतून एवढंच ऐकू आलं, "आधी तिचे. मग माझं."

मोरेश्वरने पानभर किडे जमवले, अर्धं पान ठरलं होतं तरी, आणि नदी ओलांडली; ठरावानंतर टिटवी पलीकडे राहायला गेली होती.

"थांबा! तिथे नको!" ओरडा आला. "मागे व्हा. अंडी आहेत."

तो मागे झाला. पान खाली ठेवलं. पायाने वाळू उकरत म्हणाला, "सभेत माझा पंख..."

"मधे होता. पाहिला मी."

"राग आला असेल."

"आला," टिटवी म्हणाली. "पण त्याचे मी वेगळे लावत नाही."

मोरेश्वरने पान तिच्याकडे आणखी थोडं सरकवलं. तो परत आला तेव्हा फटीतून चोच बाहेर आली होती, भुकेने किंचित उघडी. त्याने एक उंबर दिलं. मग दुसरं. हंसा घेत राहिली, आणि त्या संध्याकाळी मोरेश्वरला पहिल्यांदाच वाटलं, की काही न होणं ही तशी बरी गोष्ट आहे. हे वाटणं सकाळपर्यंत टिकलं.

पुढे अंडं फुटलं. पिल्लू झालं. हंसा चिखल फोडून बाहेर आली, नव्या पिसांनी उडाली. ढोली दुपारी तापायची, बाकी तक्रार नव्हती.

आणि बळवंत? बळवंतने खटला भरला. वकील अर्थात दिवाभीत. शेकरूशेठनेही वकील दिला. तोही दिवाभीतच. एक डोळा यांच्यासाठी, एक डोळा त्यांच्यासाठी, आणि दोन्ही पक्षांकडून दोन्ही डोळ्यांचा दर. खटला चालू आहे. बळवंत आता 'ढोलीग्रस्त कृती समिती'चा अध्यक्ष आहे. त्याची भाषणं होतात. गोदाची शेपटी परत उगवली, पण समितीच्या आग्रहाखातर ती सभांना शेपटी झाकून बसते.

पुढच्या हंगामात एक नवपरिणीत धनेश जोडपं घर शोधायला निघालं. कुणाचा तरी सल्ला घ्यावा म्हणून ते आधी मोरेश्वरकडे आले.

"तुमच्या घराचा काय अनुभव?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मोरेश्वर म्हणाला.

हंसा आतून म्हणाली, "नदीपलीकडे जा. टिटवीला भेटा." पण जोडपं एव्हाना उडून गेलं होतं. ज्यांना काही अनुभवच नाही त्यांचं काय ऐकायचं?

ते बळवंतकडे गेले. वकिलांचा इतका अनुभव जंगलात दुसऱ्या कुणालाच नव्हता. बळवंतने त्यांना बसवून घेतलं, पहिल्यापासून सगळं सांगितलं आणि शेवटी एक चांगला वकील सुचवला. जवळच बसतो, फुकट आहे आणि बोलायला अगदी ठाम.

तात्पर्य वहीत लिहून घ्या आणि घर घेईपर्यंत उघडू नका: चांगला वकील केला तर घर मिळतं, पण त्यावर भाषण करता येत नाही. म्हणून मुलांनो, वकील नेहमी फुकटचा करावा आणि शक्यतो विकणाऱ्याकडूनच घ्यावा. ढोली गेली तर गेली, अध्यक्षपद तरी हातचं जात नाही.